साताचे साठ झाले तेव्हा मी चहा गाळत होते

नागरी संरक्षण स्वयंसेवकांची नोंदणी आणि प्रशिक्षण पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र

महोदय,
स. न. वि. वि.

पत्रात शहराचं नाव नाही आणि आपलंही नाही. माझं भांडण एका छापील फॉर्मशी आहे, आणि तसा फॉर्म कुठल्याही टेबलावर असू शकतो. आपण मला ओळखता. महापालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये त्या रविवारी चहाच्या टेबलामागे उभी होते ती मी. अर्ज क्रमांक १४७. लेखी अर्ज दिला, स्मरणपत्र दिलं, दोनदा येऊन भेटले. 'बघतो ताई' याच्यापुढे गाडी सरकली नाही, म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

७ मे २०२५ ला देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव जाहीर झाला. सायरन वाजला तेव्हा आमच्या सोसायटीतले निम्मे लोक गच्चीवर जाऊन व्हिडिओ काढत होते. सायरन वाजल्यावर गच्चीवर जायचं नसतं, एवढंही कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा ठरवलं, आपण रीतसर शिकून घ्यायचं. मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षं काढली. १८० वर ट्रंक बुकिंग, १९७ वर नंबरची चौकशी, पुढे तक्रार विभाग. कानाला हेडसेट, एका हाताने कॉर्ड खोचायची, दुसऱ्या हाताने तिकीट लिहायचं आणि पलीकडे कुणी रडत असलं तरी आपला आवाज हलू द्यायचा नाही. ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्तीच्या लाटेत हजारोंबरोबर मीही बाहेर पडले. हाताला आणि कानाला सवय मात्र अजून आहे.

फॉर्मवर 'पसंतीची सेवा' असा रकाना होता. तिथे मी 'संदेशवहन' लिहिलं. टेबलावरच्या गृहस्थांनी, आणि ते अगदी सौजन्याने वागले हे सांगायलाच हवं, त्यावर आडवी रेघ मारली आणि बाजूला 'कल्याण' लिहिलं. म्हणाले, "ताई, कंट्रोल रूमला रात्री-अपरात्री थांबावं लागतं. लेडीजना आपण वेल्फेअर देतो. प्रथमोपचार, चहा-नाश्ता, लहान मुलं सांभाळणं." रांगेत माझ्यामागे आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी होती. स्थापत्याचा डिप्लोमा झालेली, दर शनिवार-रविवार सह्याद्रीत दोर घेऊन कड्यांवर लोंबकळणारी. तिने 'विमोचन' लिहिलं होतं, म्हणजे रेस्क्यू. तिच्यावरही रेघ. तिसरे आमचे काका. आयुष्यभर लग्नाकार्याची केटरिंगची कामं केलेले, हॉलमध्ये नजर फिरवून 'साडेतीनशे पान' असा अंदाज सांगणारे. त्यांनी भीत भीत विचारलं, "जेवणखाणाचं काही असेल तर मला द्या." ते पुरुष, म्हणून त्यांच्या हातात अग्निशामक नळकांडं आलं. काकांचे गुडघे बदललेले आहेत.

मग सरावाचा दिवस. बी विंगमधून वॉर्डनने फोनवर कळवलं, "सात जखमी." कंट्रोल रूममधल्या मुलाने लिहून घेतलं साठ. फोनवर सात आणि साठ सारखेच ऐकू येतात, हे बोर्डावर बसलेल्या कुठल्याही बाईला पहिल्या आठवड्यात कळतं. म्हणून आम्ही आकडा सुटा करून उलट म्हणून घ्यायचो: "सहा-शून्य, की नुसते सात?" त्या पोराला हे कुणी शिकवलेलं नव्हतं, त्याचा काय दोष? साठ जणांसाठी रुग्णवाहिका मागवल्या गेल्या, दुसऱ्या ठिकाणच्या तीन इकडे वळल्या, सगळे हसले, टाळ्याही वाजल्या. मी वीस फुटांवर चहा गाळत होते. तोही बिघडला, कारण शंभर कपांना साखर किती लागते ते मला कधीच कळलेलं नाही. ते काकांना माहीत होतं. ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नळकांडं सांभाळत उभे होते.

ही माझी पहिली तक्रार. कुणाला काय येतं हे विचारलं गेलं नाही. कोण बाई आणि कोण बुवा एवढं पाहिलं गेलं, आणि त्यात त्या मुलाचं, काकांचं आणि त्या सात काल्पनिक जखमींचंही नुकसान झालं.

ही आपल्याकडची जुनीच खोड, असं मी धरून चालले होते. निवृत्तीनंतर वेळ भरपूर, म्हणून वाचायला बसले. खोड जुनी आहे हे खरंच, पण तिला फॉर्मचा पक्का साचा मिळाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, आणि तो घट्ट झाला अणुबॉम्बच्या धाकाने, दूरच्या देशांतल्या कचेऱ्यांमध्ये. हे आपल्याला सांगणं मला गरजेचं वाटतं. आपण ज्याला 'पद्धतच आहे' म्हणता, ती कुणीतरी ठरवलेली पद्धत आहे.

सोव्हिएत रशियाने ऑगस्ट १९४९ मध्ये अणुचाचणी केली आणि अमेरिकेची झोप उडाली. डिसेंबर १९५० मध्ये ट्रुमन सरकारने फेडरल सिव्हिल डिफेन्स ॲडमिनिस्ट्रेशन काढलं, जानेवारी १९५१ मध्ये त्याचा कायदा झाला. देशभर आश्रयघरं बांधायची तर अफाट पैसा लागणार, आणि तो द्यायला तिथली संसद तयार नव्हती. मग तोडगा निघाला: प्रत्येक कुटुंबाने आपलं आपण बघावं. आता 'कुटुंबाने बघावं' म्हणजे घरातल्या कुणी बघायचं, हे मराठी बाईला समजावून सांगायची गरज नाही.

१७ मार्च १९५३ ला नेवाडाच्या वाळवंटात दोन लाकडी घरं बांधून त्यांच्यापासून ठरावीक अंतरावर १६ किलोटनांचा बॉम्ब उडवला. एक घर ३,५०० फुटांवर, दुसरं ७,५०० फुटांवर. आत दुकानात असतात तसे कपडे घातलेले पुतळे, कुणी दिवाणखान्यात बसवलेले, कुणी जेवणाच्या टेबलाशी. जवळचं घर दोन-अडीच सेकंदांत भुईसपाट झालं, लांबचं उभं राहिलं. त्याची चित्रफीत घरोघरच्या लोकांना दाखवली गेली आणि तिचा मथितार्थ असा की तयारी असेल तर वाचाल. १९५५ मध्ये 'ग्रँडमाज पँट्री' नावाची मोहीम निघाली, म्हणजे आजीची कोठीची खोली. पूर्वीच्या आज्या कशा, कधीही पाहुणा येवो, घरात सगळं भरून ठेवायच्या. तशी आधुनिक गृहिणीने सात दिवसांची बेगमी करून ठेवावी, डबे, पाणी, कॅन ओपनर, औषधं. बेगमी हा शब्द मी माझा वापरते आहे, पण कल्पना हुबेहूब तीच. उन्हाळ्यात सांडगे-पापड घालणाऱ्या माझ्या आजीला कुणी सांगितलं असतं की हे राष्ट्रीय संरक्षण आहे, तर तिने विचारलं असतं, "मग पगार किती?"

मला यात गंमत वाटली ती जीन वूड फुलर या बाईंची. त्या त्याच कार्यालयात महिला विभागाच्या प्रमुख होत्या. ५ मे १९५५ ला नेवाडात 'ऑपरेशन क्यू' नावाची चाचणी झाली, २९ किलोटन, हिरोशिमाच्या बॉम्बच्या जवळजवळ दुप्पट. त्या वेळी फुलरबाई स्फोटापासून साडेतीन हजार यार्डांवर खंदकात बसल्या होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी जाहीर सांगितलं की अणुस्फोटाचा धक्का आणि ताण बायका पुरुषांइतकाच सोसू शकतात. आणि मग त्या आपल्या टेबलावर परत गेल्या, बायकांना कोठीची खोली कशी भरावी आणि घरच्या घरी शुश्रूषा कशी करावी हे सांगायला. खंदकात बसण्यापर्यंत मजल गेली, पण रकाना तसाच राहिला. (त्या किरणोत्साराचं पुढे काय, हा वेगळा विषय. तो इथे काढला तर पत्र भरकटेल.)

त्याच अमेरिकेत, त्याच वर्षांत, एक दुसरी व्यवस्था होती. टेलिफोनवाली म्हणून ती वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ग्राउंड ऑब्झर्व्हर कोअर. रडारच्या नजरेतून सुटून खालून येणारी विमानं माणसांनी डोळ्यांनी टिपायची, असं काम. १४ जुलै १९५२ पासून हा पहारा चोवीस तासांचा झाला. कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या शेतात, टेकडीवर लाकडी खोपटं बांधलेली. त्यात गृहिणी, शाळकरी मुलं, निवृत्त माणसं दुर्बिणी घेऊन बसायची. विमान दिसलं की फोन उचलून दोनच शब्द म्हणायचे: "एअरक्राफ्ट फ्लॅश." ते ऐकताच टेलिफोन ऑपरेटरने हातातलं काम टाकून थेट फिल्टर सेंटरला लाइन जोडायची. तिथे मोठ्या टेबलावर नकाशा, आणि भोवती बायका आणि पुरुष, हातातल्या काठ्यांनी खुणा सरकवणारे. म्हणजे पाहणारी बाई, जोडणारी बाई आणि नकाशावर मांडणारीही बाई असू शकायची. रडारची साखळी सुधारली आणि जानेवारी १९५९ मध्ये हे पथक बंद झालं. तोवर कुणाला असं म्हणायची वेळ आली नाही की टेलिफोनचं काम बायकांना झेपणार नाही. बायकांनीच तर ते काम उभं केलं होतं.

आणि 'रात्री-अपरात्री'चं म्हणाल, तर मी मुंबईत रात्री दहाला संपणारी पाळी करून लोकलच्या शेवटच्या गाड्यांनी घरी गेले आहे, पोटुशी असतानाही. तेव्हा खात्याला माझी काळजी वाटली नव्हती. आता फुकट काम करायला आले तर एकदम वाटू लागली.

दुसरी तक्रार इंग्लंडच्या वाटेने सांगते, कारण आपले रकाने अमेरिकेतून आलेले नाहीत, तिथून आले आहेत. ब्रिटनने १९४८ मध्ये नागरी संरक्षणाचा कायदा केला आणि पुढल्या वर्षी सिव्हिल डिफेन्स कोअर उभं केलं. त्यातले विभाग पाहा: मुख्यालय, वॉर्डन, रेस्क्यू, ॲम्ब्युलन्स, वेल्फेअर. ओळखीचे वाटतात ना? रेस्क्यू पुरुषांचा आणि वेल्फेअर मुख्यतः बायकांचा. वेल्फेअरची सगळी मदार होती विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिसेसवर, म्हणजे १९३८ मध्ये लेडी रीडिंग यांनी स्थापलेल्या संस्थेवर. या बाईंचा आपल्या देशाशी संबंध आहे. तरुणपणी त्या व्हाइसरॉय रीडिंग यांच्या कारभारात चिटणिसाचं काम करायला हिंदुस्थानात आल्या होत्या. पुढे १९३१ मध्ये, पहिल्या लेडी रीडिंग वारल्यानंतर, त्यांनी लॉर्ड रीडिंग यांच्याशी लग्न केलं. कामाचा उरक दांडगा. त्यांच्या संस्थेतल्या हिरव्या गणवेशातल्या बायका पडक्या घरांच्या विटा आणि चिखल घेऊन मोकळ्या मैदानात चुली घालायला शिकायच्या. शेकडो माणसांचं जेवण त्यावर शिजवायचं. तीन दगडांची चूल साहेबाच्या देशात प्रशिक्षणाचा विषय होती हे वाचून मला हसू आलं, पण खोटं का बोलू, आपल्या सरावात तेवढंही कुणी शिकवलं नाही. आम्हाला थर्मास दिले.

१ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटावर १५ मेगाटनांचा बॉम्ब फोडला, हिरोशिमाच्या साधारण हजारपट. त्यानंतर त्याच वर्षी कोव्हेंट्रीच्या नगरपालिकेने, म्हणजे १९४० च्या बॉम्बफेकीत ज्या शहराची राख झाली त्या शहराने, ठराव करून सांगितलं की हायड्रोजन बॉम्बपुढे असलं नागरी संरक्षण म्हणजे वेळेचा आणि पैशाचा अपव्यय आहे, आम्ही ही समिती बंद करतो. लंडनमध्ये १९५५ मध्ये विल्यम स्ट्रॅथ या सरकारी अधिकाऱ्याच्या समितीने सरकारला गुप्त अहवाल दिला: दहा हायड्रोजन बॉम्ब पडले तर एक कोटी वीस लाख माणसं मरतील. तो अहवाल जनतेला वाचायला मिळाला २००२ मध्ये. आणि ज्या सुमाराला ही फाइल कपाटात बंद झाली, त्याच सुमाराला 'वन इन फाइव्ह' योजना निघाली. दर पाच बायकांमागे एकीला अणुहल्ल्याबद्दल समजावून सांगायचं. व्याख्यानं द्यायची ती बायकांनी, बायकांना, कुणाच्या तरी दिवाणखान्यात किंवा चर्चच्या हॉलमध्ये. खिडक्यांच्या काचांना चुना फासा म्हणजे उष्णतेचा झोत परतेल, पाणी भरून ठेवा, आतली खोली निवडा.

त्या बायकांना मी हसत नाही. त्या मनापासून आणि फुकट राबत होत्या. मला राग येतो तो वाटणीचा. आकडा पुरुषांच्या कपाटात आणि चुन्याची बादली बायकांच्या हातात.

आपल्या सरावातही तेच झालं. संध्याकाळी आढावा बैठक होती. काय चुकलं, किती वेळ लागला, साताचे साठ कसे झाले, सगळं तिथे बोललं गेलं असणार. आम्हा 'कल्याण'वाल्या अकरा बायकांना त्या बैठकीचं बोलावणं नव्हतं. आम्ही कप विसळत होतो. खऱ्या आपत्तीत कल्याण पथकाने काय करायचं असतं? बेघर झालेल्यांची नोंद, हरवलेल्यांचा शोध, कुणाचं मूल कुणाकडे आहे याची यादी, पाणी, संडास, अंथरूण, अन्न. हे काम चहाचं नाही, हिशेबाचं आहे. ते बायकांचं म्हणून हलकं ठरवलं, आणि हलकं ठरलं म्हणून त्याला बैठकीत खुर्ची नाही.

१९७१ च्या डिसेंबरात मी सहा वर्षांची होते. गिरगावातली चाळ. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवायचा होता, त्यासाठी आईने गव्हाच्या पिठाची खळ शिजवली होती आणि मी ती बोटाने चाटली म्हणून मार खाल्ला. (तिकडे चुना, इकडे खाकी कागद. त्यांना बॉम्बचा उजेड आत यायला नको होता, आपल्याला घरातला बाहेर जायला नको होता.) आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ वॉर्डन होते. दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी. अंधार झाला की खालून ओरडायचे, "तिसरा मजला, लाइट!" पण कुठल्या खोलीत म्हातारी एकटी आहे, कुणाची बाळंतीण आहे, कोण रात्रपाळीला गेलाय आणि त्याची पोरं कुणाकडे झोपलीत, हे ते माझ्या आईला विचारायचे. जिन्यात उभं राहून, हळू आवाजात. आई सांगायची आणि ते वहीत लिहायचे. ती वही वर साहेबाकडे जायची. आईचं नाव त्या वहीत आमच्या खोलीच्या माणसांमध्ये होतं, तेवढंच.

त्याच डिसेंबरात भूजच्या धावपट्टीवर पाकिस्तानी बॉम्ब पडले. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, आपले मराठी. धावपट्टी दुरुस्त करायला मनुष्यबळ नव्हतं. शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायका आल्या आणि त्यांनी ७२ तासांत धावपट्टी विमानं उतरण्याजोगी केली. वरून दिसू नये म्हणून हिरव्या साड्या, धावपट्टीवर शेणाचा सडा, सायरन वाजला की झुडपांत पळायचं आणि पुन्हा येऊन घमेली उचलायची. कर्णिकांच्या टेबलावर आपला फॉर्म असता तर त्या बाया तीन दिवस चहा करत बसल्या असत्या आणि धावपट्टीत खड्डे तसेच राहिले असते.

मग आपल्या कायद्यात काय आहे? १९५७ मध्ये नागपूरला आपत्कालीन मदतीचं प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था निघाली, तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. चीनच्या युद्धाच्या वर्षी, १९६२ मध्ये, केंद्रात स्वतंत्र महासंचालनालय आलं, १९६८ मध्ये कायदा झाला. २००९ च्या दुरुस्तीने त्यात आपत्ती व्यवस्थापनही आलं. बारा सेवा आहेत, मुख्यालय आणि वॉर्डनपासून प्रेतांची विल्हेवाट लावण्यापर्यंत. कायदा म्हणतो, सेवेला लायक आणि तयार असलेल्या व्यक्ती. व्यक्ती, साहेब. त्यात बायकांना कल्याण आणि पुरुषांना विमोचन असं मला कुठे सापडलं नाही. ती आडवी रेघ कायद्याची नाही, तुमच्या टेबलावरच्या पेनाची आहे. नावं उसनी आणली त्याला माझी हरकत नाही. कायद्याने आत न घेतलेली वाटणी सवयीने आत आली, त्याला आहे.

तिसरी तक्रार लहान आहे, पण रोजची. विमोचन पथकासाठी आलेली हेल्मेटं आणि बूट एकाच मापाचे आहेत, पुरुषांच्या. 'तुम्हाला बसणार नाही' हे उत्तर त्या गिर्यारोहक मुलीला मिळालं. तिच्या घरी तिचं स्वतःचं हेल्मेट आहे, पावत्यांसकट. शिवाय प्रशिक्षणाच्या मैदानावर बायकांसाठी संडास नाही. सकाळी सात ते दुपारी दोन. आम्ही पाणी न पिता उभ्या राहतो आणि मग कुणीतरी म्हणतं, लेडीजना चक्कर येते.

आपण म्हणाल, या काकू सगळ्यावर बोट ठेवतात, यांना नागरी संरक्षणच नको असेल. उलट आहे. रकाना मान्य नसलेल्या बायका गप्प बसतात असं समजू नका, त्या दुसरीकडे जातात, आणि कधी कधी सगळी व्यवस्थाच गुंडाळायला लावतात. न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी 'ऑपरेशन अलर्ट' नावाचा सराव व्हायचा, सायरन वाजला की सगळ्यांनी रस्ता सोडून आडोशाला जायचं. १९५५ मध्ये डोरोथी डे या युद्धविरोधी कार्यकर्त्या आणि त्यांच्या दोन-अडीच डझन साथीदारांनी नकार दिला आणि अटक करवून घेतली. मेरी शार्मट आणि जॅनिस स्मिथ या दोन तरुण आयांनी पुढे ठरवलं की आपण मुलांना घेऊनच बसायचं. ३ मे १९६० ला सिटी हॉलसमोरच्या बागेत शेकडो माणसं जमली, आया खेळणी आणि बाबागाड्या घेऊन आल्या. पोलिसांनी काही जणांना उचललं, पण कडेवर मूल असलेल्या बाईला हात लावायचं धाडस झालं नाही. १९६१ नंतर तो सराव बंदच पडला. सरकारनेच त्यांना दहा वर्षं शिकवलं होतं की घर आणि मुलं हीच तुमची आघाडी. त्यांनी ती शब्दशः घेतली.

सेंट लुइसच्या बायकांनी तर मुलांचे दुधाचे दात गोळा केले, १९५८ पासून बारा वर्षांत सुमारे तीन लाख. अणुचाचण्यांतून पसरलेलं स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य दुधातून मुलांच्या हाडांत किती उतरतं, ते शास्त्रज्ञांनी त्या दातांवरून मोजलं. आपण 'उंदीरमामा, माझा दात घे' म्हणून कौलावर फेकतो तो दात त्यांनी पाकिटात घालून, तारीख लिहून पाठवला. मुलाला बदल्यात एक बिल्ला मिळायचा. लुईस रीस नावाच्या डॉक्टर बाई ते काम चालवत होत्या. कल्याण सेवेला बैठकीत खुर्ची दिली तर ती काय काय मोजून आणू शकते, याचा एवढा एक दाखला मला पुरेसा वाटतो.

तर आता मागण्या. आधीच्या अर्जात त्या नीट लिहिल्या नव्हत्या, ती माझी चूक.

'पसंतीची सेवा' या रकान्यात अर्जदाराने लिहिलेलं कुणी खोडू नये. बदलायचं असेल तर कारण लेखी द्यावं, आणि त्या कारणात 'लेडीज' हा शब्द नसावा. नेमणुकीआधी प्रत्येकाची पाच-दहा मिनिटांची परीक्षा घ्या: फोनवरचा निरोप न चुकवता लिहून दाखवा, दोराला बोलाइन गाठ मारून दाखवा, पन्नास माणसांच्या नाश्त्याचा शिधा काढून दाखवा. ज्याला जे येईल त्याला ते. काका तिसरीत पहिले येतील.

कल्याण सेवेत निम्मे पुरुष घ्या, आणि तिच्या प्रमुखाला कंट्रोल रूममध्ये आणि आढावा बैठकीत जागा द्या.

रात्रीच्या कामाची काळजी वाटत असेल तर घरी सोडायला गाडी द्या. ती पुरुषांनाही लागते.

लहान मापाची हेल्मेटं, बूट, आणि मैदानावर एक संडास. याला शासन निर्णय लागत नाही असा माझा समज आहे.

आणि संदेशवहन पथकाचं पहिलं प्रशिक्षण मला घेऊ द्या. मानधन नको. दोन जुने फोन, एक वही आणि अर्धा दिवस द्या. त्या मुलालाही बोलवा, त्याचा आवाज चांगला आहे, स्पष्ट आहे, त्याला फक्त आकडा उलट म्हणून घ्यायला शिकवायचं आहे.

नवा भरलेला फॉर्म सोबत जोडला आहे. रकान्यात पुन्हा 'संदेशवहन' लिहिलं आहे. पुढच्या सरावाच्या चहाचं काकांशी बोलून ठेवलं आहे. ते म्हणतात, दोनशे कप असतील तर आदल्या संध्याकाळी सांगा, दूध गावातून आणावं लागेल, पिशवीच्या दुधाला चव नाही.

आपली,
अर्ज क्रमांक १४७